परवाना निलंबित, वाहन मात्र रस्त्यावर

मोटार वाहन कायद्यात शिक्षा पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील बहुतेक शिक्षा पैशांत मोजता येतात. सिग्नल मोडला, दंड भरला, प्रकरण मिटले. कागदपत्रे जवळ नव्हती, दंड भरला, प्रकरण मिटले. तुरुंगवास सोडला तर पैशाने मिटत नाही अशी एक प्रमुख शिक्षा या कायद्यात आहे. वाहन चालविण्याचा परवाना काही काळापुरता निलंबित होणे अथवा रद्द होणे, ही ती शिक्षा होय. ज्याच्या हातून रस्त्यावरच्या माणसांना धोका आहे त्याला काही काळ वाहनापासून दूर ठेवावे, हा तिच्यामागील हेतू. दंडाने सरकारी तिजोरीत भर पडते. निलंबनाने रस्ता सुरक्षित व्हावा अशी अपेक्षा असते.

मात्र ही सारी अपेक्षा एका गृहीतावर उभी आहे. ज्याचा परवाना निलंबित झाला तो माणूस त्या मुदतीत वाहन चालविणार नाही, हे ते गृहीत. तो चालवीतच राहिला तर काय? या प्रश्नाचे उत्तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ मध्ये आहे. वाहन चालविण्यास अपात्र ठरविलेल्या व्यक्तीने वाहन चालविले, किंवा अपात्र असताना नवा परवाना मागितला वा मिळविला, तर तिला ३ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हाच दंड फार तर ५०० रुपये होता. कागदावर पाहता ही वीसपट वाढ आहे. तथापि शिक्षा वाढली म्हणजे धाक वाढला असे समजणे कितपत योग्य आहे, याचा विचार शांतपणे करावयास हवा.

कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ कायद्याच्या पुस्तकातला राहत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतून कच्चा व पक्का माल घेऊन मालमोटारी ये-जा करतात. दुधाचे टँकर पहाटे निघतात. पुणे-बंगळूर महामार्गाची अखंड वाहतूक शहराला लागूनच जाते, आणि त्याच रस्त्यांवरून महाविद्यालयांची मुले दुचाकीवर व कारखान्यांतील कामगार सायकलीवर जात असतात. या साऱ्यांचा एकमेकांवर जो विश्वास असतो, त्याचा कागदी पुरावा म्हणजे चालकाचा परवाना. तोच निष्प्रभ झालेला असेल, तर त्या विश्वासाला आधार उरत नाही.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटिश हिंदुस्थानात मोटार वाहनांसाठी पहिला सर्वसाधारण कायदा १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली आणि आज अंमलात असलेला १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. या कायद्यानुसार परवाना निलंबित वा रद्द होण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. कलम १९ अन्वये परवाना देणारा अधिकारी, म्हणजे व्यवहारात प्रादेशिक परिवहन कार्यालय, तसा आदेश देऊ शकते. अट्टल गुन्हेगार वा व्यसनी असणे, दखलपात्र गुन्ह्यात वाहन वापरणे, फसवणुकीने परवाना मिळविणे, पूर्वीच्या वर्तनावरून चालक लोकांना धोकादायक ठरणे, ही त्यामागील कारणे. दुसरा मार्ग न्यायालयाचा. या कायद्याखाली दोषी ठरलेल्या चालकाला कलम २० अन्वये न्यायालय इतर शिक्षेबरोबरच अपात्र ठरवू शकते.

हा अधिकार मनमानी नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. अधिकाऱ्याने आदेश देण्यापूर्वी परवानाधारकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि कारणे लेखी नोंदवावी लागतात. त्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. मात्र आदेश एकदा लागू झाला की परवाना परत जमा करावा लागतो, आणि त्यावर छापलेली मुदत आणखी पंधरा वर्षांची असली तरी अपात्रतेच्या काळात तो परवाना निष्प्रभ असतो. अनेकांचा गोंधळ नेमका येथेच होतो. खिशात कार्ड आहे म्हणजे परवाना आहे, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः कार्ड हा केवळ पुरावा. खरा परवाना म्हणजे त्यामागील अधिकार.

तीन वेगवेगळ्या स्थिती येथे ध्यानात घ्याव्या लागतील. एकाने परवाना कधी काढलाच नाही. दुसऱ्याच्या परवान्याची मुदत संपली. तिसऱ्याचा परवाना अधिकृत आदेशाने निलंबित वा रद्द झाला. पहिल्या दोघांना कलम १८१ लागू होते व तेथे दंड ५,००० रुपये आहे. तिसऱ्याला कलम १८२. तिसऱ्याचा अपराध कायद्याने अधिक गंभीर मानला, तो योग्यच आहे. पहिल्या दोघांच्या बाबतीत आळस, अज्ञान वा हयगय असू शकते. तिसऱ्याला मात्र ‘वाहन चालवू नकोस’ असे नावानिशी सांगण्यात आलेले असते. तो नियमाचा भंग तर करतोच, शिवाय आदेशाचा अवमानही करतो.

दुरुस्तीचा इतिहास

२०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीने सर्व राज्यांना एक महत्त्वाचा निर्देश दिला. अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, क्षमतेपेक्षा अधिक माल भरणे, मालवाहनातून माणसे नेणे, मद्यपान करून वाहन चालविणे आणि वाहन चालविताना मोबाइल वापरणे, या अपराधांसाठी परवाना किमान ३ महिने निलंबित करावा, असे समितीने सांगितले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने निलंबनाची ही वाट कायद्यातच आणखी रुंद केली. ठरावीक अपराधांत पोलीस अधिकारी परवाना ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतो. पहिल्या अपराधाला ३ महिन्यांचे निलंबन आणि त्यानंतरच्या अपराधाला परवाना रद्द, असा क्रम त्यात आहे. रद्द झालेल्या परवानाधारकाचे नाव जाहीर करण्याची तरतूद आहे. निलंबनाची मुदत संपल्यावरही चालकाने उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याखेरीज परवाना परत मिळत नाही.

ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाली, तेव्हा वाढीव दंडाच्या विरोधात मोठा गदारोळ उठला. गुजरात सरकारने काही दंड कमी केले. महाराष्ट्राचे तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला फेरविचाराची विनंती केली आणि राज्यातील अंमलबजावणी थांबली. वाढीव दंड महाराष्ट्रात प्रत्यक्ष लागू झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये. या साऱ्या वादात चर्चा झाली ती दंडाच्या रकमेची. रक्कम जास्त की कमी, एवढ्याभोवतीच ती फिरत राहिली. निलंबित परवान्याने वाहन चालविणाऱ्याला प्रत्यक्षात अडवायचे कसे, हा प्रश्न बाजूलाच पडला.

दंड की भाडे?

शिक्षेचा धाक दोन गोष्टींवर अवलंबून असतो: शिक्षा किती मोठी आहे यावर, आणि ती होण्याची शक्यता किती आहे यावर. इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्येच शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चितता अधिक परिणामकारक असते, असे प्रतिपादन केले होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये हाच विचार अर्थशास्त्राच्या चौकटीत मांडला. त्यांच्या मते अपराध करणारा माणूसही लाभ आणि हानी यांचा हिशेब करतो, आणि त्या हिशेबात शिक्षेला पकडले जाण्याच्या शक्यतेने गुणलेले असते.

हा हिशेब कोल्हापूरच्या एखाद्या टेम्पोचालकाच्या बाबतीत करून पाहावा. समजा, त्याची दिवसाची निव्वळ कमाई ६०० रुपये आहे आणि त्याचा परवाना ३ महिन्यांसाठी निलंबित झाला आहे. ९० दिवस घरी बसल्यास त्याचे ५४,००० रुपये बुडतात. चोरून वाहन चालविले आणि एकदा पकडला गेला, तर १०,००० रुपये जातात. पाच वेळा पकडला गेला तरी ५०,००० रुपये. म्हणजे अद्याप ४,००० रुपये हाती उरतात! आणि तीन महिन्यांत पाच वेळा अडवून प्रत्येक वेळी परवान्याची नोंद तपासली जाण्याचा प्रसंग किती जणांवर येतो? हिशेब सरळ आहे, आणि तो कायद्याच्या विरुद्ध जातो.

येथे कोणी म्हणेल की, कलम १८२ मध्ये ३ महिन्यांचा कारावासही आहे, तो या हिशेबात का धरला नाही? त्याचे कारण त्याच कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे. ज्या अपराधांत तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटविता येते त्यांच्या यादीत कलम १८० व १८१ प्रमाणेच कलम १८२ चाही समावेश आहे. म्हणजे राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठरलेली रक्कम भरली की खटला चालत नाही, आणि खटलाच नाही तर कारावासाचा प्रश्न उद्भवत नाही. जी शिक्षा पैशाने मिटू नये म्हणून योजली, तिचे उल्लंघन मात्र पैशाने मिटविता येते, ही या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होय. पुढचे दार बंद केले आणि मागचे उघडे ठेवले, असाच हा प्रकार आहे.

दंडाचे रूपांतर किमतीत कसे होते याचे एक उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. इस्रायलमधील हैफा शहरात काही पाळणाघरांत पालक मुलांना नेण्यास उशीर करीत. त्यांना आळा घालण्यासाठी दंड लावण्यात आला, तेव्हा उशीर करणाऱ्यांची संख्या घटली नाही, उलट वाढली. २००० साली नीझी आणि रुस्तिकिनी या अभ्यासकांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. पूर्वी पालकांना उशिराचा संकोच वाटे. दंड लागू झाल्यावर आपण उशिराचे पैसे मोजतो आहोत, अशी त्यांची भावना झाली. रस्त्यावरही याहून वेगळे घडण्याचे कारण नाही. दंड हे एकदा भाडे वाटू लागले की त्यातील निषेधाचा अंश संपतो.

शिवाय ठरावीक रकमेचा दंड सर्वांना सारखा जड नसतो. टेम्पोचालकाला १०,००० रुपये म्हणजे पंधरवड्याहून अधिक दिवसांची कमाई. सधन मोटारमालकाला तो एका संध्याकाळचा खर्च असू शकतो. फिनलंडमध्ये १९२१ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत आहे. तेथे २००२ साली अतिवेगाबद्दल एका बड्या कंपनीच्या संचालकाला एक लाख युरोंहून अधिक दंड झाला होता. निलंबनाचेही तसेच आहे. सधन माणूस तीन महिने चालक ठेवतो. ज्याची चूलच वाहनावर पेटते, त्याचे मात्र घर थांबते. म्हणूनच निलंबनानंतर चोरून वाहन चालविण्याचा मोह त्यालाच अधिक होतो, आणि पकडला गेल्यावर समाजाचा रोषही त्याच्याच वाट्याला येतो.

मालक आणि पालक

चालकाच्या मागे मालक उभा असतो, हे या चर्चेत सहसा विसरले जाते. परवाना नसलेल्या वा निष्प्रभ परवाना असलेल्या व्यक्तीला वाहन चालवू देणाऱ्या मालकाला कलम १८० अन्वये ३ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याखेरीज योग्य परवान्याशिवाय चालविले जाणारे वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ अन्वये पोलिसांना आहे. या अधिकाराचा धाक १०,००० रुपयांच्या दंडाहून निश्चितच मोठा आहे. वाहन चार दिवस ठाण्याच्या आवारात उभे राहिले तर कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि मालाची खेप मात्र चुकते. चालकाचा परवाना तपासून पाहणे हे मालकाला मग आपोआपच फायद्याचे वाटू लागेल.

मालक हाच पालक असतो तेव्हा प्रश्न अधिक नाजूक होतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि त्यात दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालविणारा मुलगा १७ वर्षांचा होता. परवान्याचा प्रश्नच नव्हता. मोटारीची कायम नोंदणीही १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे झालेली नव्हती. ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्या मुलाला जामीन मिळाल्याने देशभर संताप व्यक्त झाला. त्या प्रकरणाने २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १९९-अ लोकांच्या नजरेस आले. अल्पवयीनाने वाहन चालवून अपराध केल्यास पालक वा मालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही, अशी ती तरतूद आहे.

कोल्हापुरात पोर्शे मोटारी फारशा नसतील. पण शिकवणीला जाणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणारी घरे गल्लोगल्ली आहेत. सोळाव्या वर्षी कायदा परवानगी देतो ती ५० सी.सी.पर्यंतच्या वाहनालाच, आणि बाजारातील नेहमीच्या पेट्रोल स्कूटर त्याहून कितीतरी मोठ्या असतात. जो पालक स्वतःच ही सवय घरात लावतो, त्याच्या मुलाला पुढे परवाना निलंबित झाल्याचे गांभीर्य वाटावे तरी कसे?

विम्याचे काय?

निलंबित परवान्याची सर्वांत मोठी किंमत दंडाच्या पावतीवर नसतेच. ती विम्याच्या कागदात असते. मोटार विम्याच्या पॉलिसीत चालकाविषयीची एक अट असते. अपघाताच्या वेळी वाहन चालविणाऱ्याजवळ वैध परवाना असला पाहिजे आणि तो परवाना धारण करण्यास अपात्र ठरविलेला नसावा, असे तीत म्हटलेले असते. ही अट मोडली तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. मालक स्वतः चालवीत असेल तर त्याच्यासाठी सक्तीने घेतलेल्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्यालाही वैध परवान्याची अट आहे. म्हणजे निलंबित परवान्याने निघालेला घरचा कर्ता माणूस दगावला, तर त्याच्या विधवेला हा आधारही नाकारला जाण्याचा धोका असतो.

रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचे काय? चालक अपात्र होता, हा बचाव विमा कंपनीला कायद्यानेच दिला आहे. तथापि नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली या बचावाला मर्यादा घातल्या. केवळ परवाना वैध नव्हता एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. मालकाने योग्य ती काळजी घेतली नाही हेही तिने सिद्ध केले पाहिजे. आणि तसे सिद्ध झाले तरी कंपनीने जखमीला वा मृताच्या वारसांना भरपाई आधी द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग न्यायालयाने दाखविला. यामुळे निरपराध कुटुंबाला दिलासा मिळाला. पण मालकाच्या दृष्टीने पाहिले तर अशी वसुली काही लाखांची असू शकते. निलंबित चालकाला ‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे, ने गाडी’ असे सांगणारा मालक नकळत आपले घर आणि शेत पणाला लावीत असतो.

अशा दाव्यांच्या अपिलांसाठी पश्चिम महाराष्ट्रातील पक्षकारांना वर्षानुवर्षे मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात कार्यरत झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना न्याय जवळ आला आहे. पण न्याय जवळ आला म्हणून अपघात दूर जात नाहीत. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होती.

कार्ड खिशात, नोंद संगणकात

परवाना म्हणजे लहानसे कागदी पुस्तक होते, तेव्हा निलंबनाची नोंद त्या पुस्तकातच होई. पुस्तक हरवल्याचे सांगून दुसरे काढणे, किंवा एका राज्यात निलंबन झाल्यावर सीमेपलीकडे नवा परवाना मागणे, अशा पळवाटा त्या काळी मोकळ्या होत्या. कागल ओलांडले की निपाणी. सीमेवरच्या जिल्ह्याला हे अंतर सांगावयास नको. आता ‘सारथी’ या संगणक प्रणालीत परवान्यांच्या नोंदी एकत्र आल्या आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली आहे. २०१८ पासून डिजिलॉकरमधील परवानाही ग्राह्य धरला जातो. कोल्हापुरात झालेले निलंबन बेळगावच्या नाक्यावर दिसू शकते, अशी सोय तंत्रज्ञानाने निर्माण केली आहे.

परंतु दिसू शकते आणि पाहिले जाते, यांत अंतर आहे. नाक्यावरच्या शिपायाने प्लास्टिकचे कार्ड उलटसुलट करून परत दिले, तर संगणकातील नोंद असून नसल्यासारखीच. कॅमेऱ्याने टिपलेले चलन वाहनाच्या क्रमांकावर निघते. त्यामुळे दंड मालकाच्या नावे जातो आणि प्रत्यक्ष वाहन कोण चालवीत होते, त्याचा परवाना जिवंत होता की निलंबित, हे अंधारातच राहते. दंडाची वसुली यंत्राने होऊ शकते. निलंबनाची अंमलबजावणी मात्र माणसानेच करावी लागते. धाकाची निश्चितता वाढवायची तर खर्च येथे, म्हणजे तपासणीवर, झाला पाहिजे.

याला आणखी एक बाजू आहे. कायद्याने निलंबनाचे जाळे फार मोठे विणले आहे. हेल्मेट न घातल्यास १,००० रुपये दंडाबरोबरच ३ महिन्यांच्या अपात्रतेची तरतूद कलम १९४-ड मध्ये आहे. दुचाकीवर तिघे बसल्यास कलम १९४-क अन्वये तीच शिक्षा आहे. या कलमांची अक्षरशः अंमलबजावणी करावयाची ठरविले, तर राजारामपुरीतून आणि महाद्वार रोडवरून एका संध्याकाळी शेकडो परवाने गोळा करावे लागतील. तसे होत नाही आणि होणारही नाही. हेल्मेट जीव वाचविते यात शंका नाही. पण डोक्यावर हेल्मेट नसलेला आणि मद्य पिऊन मालमोटार चालविणारा, हे दोघेही एकाच तीन महिन्यांच्या मापाने मोजले गेले की मापाचीच किंमत जाते. सर्वांना लागू असलेली आणि क्वचितच कोणाला होणारी शिक्षा लोक गंभीरपणे घेत नाहीत.

काय करता येईल?

इंग्लंडमध्ये अपात्र असताना वाहन चालविणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि त्या स्थितीत कोणाचा मृत्यू घडविल्यास २०१५ पासून १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेत असा स्वतंत्र अपराध नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा होते, मग चालक परवानाधारक असो वा अपात्र. म्हणून इंग्लंडचा कायदा जसाच्या तसा उचलावा, असे मात्र नव्हे. तुरुंगवास वाढविण्यापूर्वी, आहे तो कायदा अर्थपूर्ण करणे अधिक गरजेचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कलम १८२ तडजोडीच्या यादीतून वगळले जावे. निदान दुसऱ्यांदा तोच अपराध करणाऱ्याला न्यायालयासमोर उभे राहण्यावाचून गत्यंतर नसावे. दंड वाढविण्यापेक्षा ही एक दुरुस्ती अधिक काम करील. दुसरी गोष्ट मालकाची. साखर कारखाने, दूध संघ, शाळा आणि उद्योग हे वाहतुकीचे ठेके देतात. प्रत्येक चालकाच्या परवान्याची स्थिती दरमहा तपासण्याची अट ठेक्यातच असावी. त्यासाठी नवा कायदा नको, इच्छा हवी.

तिसरी गोष्ट गरीब चालकाची, आणि ती न्यायाची आहे. परवाना निलंबित करताना सर्व प्रकारच्या वाहनांसाठी, अथवा एखाद्या प्रकारच्या वाहनापुरते, असा पर्याय अधिकाऱ्याला कलम १९ नेच दिला आहे. सुटीच्या दिवशी दुचाकीवर केलेल्या किरकोळ चुकीसाठी एखाद्याची मालमोटारीवरची रोजी बंद करण्याचे कारण नाही. उलट मद्य पिऊन मालमोटार चालविणाऱ्याला कोणतेही वाहन हाती देण्याचे कारण नाही. हा विवेक आदेशात दिसला पाहिजे. सुनावणी वेळेवर व्हावी, उजळणी प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी आणि परवडणाऱ्या खर्चात मिळावे, आणि मुदत संपताच परवाना विनासायास परत मिळावा. शिक्षा संपल्यावरही परवान्यासाठी हेलपाटे घालावे लागत असतील, तर चालक शिक्षेच्या काळातच वाहन चालवू लागतो आणि मग ती सवय होते.

परवाना हा जन्मसिद्ध हक्क नव्हे, तसाच तो सरकारने केलेला उपकारही नव्हे. अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेले ते वचन आहे; सरकार केवळ त्यावर शिक्का मारते. ते वचन मोडणाऱ्याला काही काळ थांबण्यास सांगणे हा समाजाचा अधिकार आहे. पण ‘थांब’ म्हणणाऱ्या आदेशाची किंमत १०,००० रुपये ठरली, तर ज्याच्याजवळ तेवढे रुपये आहेत तो थांबणार नाही, आणि ज्याच्याजवळ नाहीत तो कर्ज काढून चालवीत राहील. दोघांच्याही वाटेत रात्रपाळी संपवून शिरोलीहून सायकलीने घरी परतणारा कामगार असणार आहे. त्या दंडाच्या पावतीने त्याचे रक्षण होत नाही.